वजन उतरविण्याचा डबा घेताना

वजन उतरविण्यासाठी एका जेवणाऐवजी कालवून प्यायच्या पावडरीचे डबे आता सर्रास दिसतात. पुढच्या चित्राला भुलू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीनांत साखर दिसली की डबा परत ठेवा. साखर कारखान्याच्या पत्रिकेत आम्हीच हे लिहावे, याचे हसू येईल, पण खरे ते खरे!

पोट धरून ठेवतात ती प्रथिने आणि चोथा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (१९९१) अशा पेयातून २०० ते ४०० कॅलरी मिळाव्यात, त्यांतल्या निदान पाव हिस्सा प्रथिनांच्या. म्हणजे २०० कॅलरींना साडेबारा ग्रॅम. कमी असतील तर तासाभरात भूक लागते आणि हात भज्यांकडे वळतो.

भाव डब्याचा नव्हे, पेल्याचा काढा. अर्धा किलोच्या डब्यातून ५० ग्रॅमचे दहाच पेले निघतात. परवडत नसेल तर सालासकट फुटाण्यांचे ५० ग्रॅम पीठ पाव लिटर साय काढलेल्या दुधात कालवा. सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र डब्यातली जीवनसत्त्वे यात नसतात, तेव्हा दुसऱ्या जेवणात पालेभाजी हवीच.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जेवण बदलले की रक्तातली साखर एकदम उतरू शकते.