दोरी दोन बोटं कमीच पडते

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. सकाळी मोजे घालायचे म्हटले की जमिनीवर लोळण घेतो, घातले की काढून फेकतो आणि फेकले की ‘मोजे पाहिजेत’ म्हणून भोकाड पसरतो. मी नोकरी करते. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आलेला असतो. मग एखाद्या दिवशी त्याच्यावर खेकसते आणि रात्री तो झोपला की रडत बसते. सासूबाई म्हणतात, देवाचं नाव घ्यावं, संयम आपोआप येतो. आमच्या वेळी कुणाला असला त्रास झाला नाही. टोमणा म्हणून नाही, खरंच कुतूहल म्हणून विचारते : श्रद्धेने संयम येतो का? आणि पूर्वीच्या बायकांकडे तो एवढा कुठून यायचा?
— एक आई, तळेगाव दाभाडे

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. तो एवढा नसायचाच, आठवणीत असतो. सासूबाईंना खोटं पाडायला म्हणत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं मूल आठवताना माणूस त्याचं रडं गाळूनच आठवतो.

भरल्या घरात लेकुरवाळ्या दोघी-तिघी असत. एकीचं डोकं फिरलं की मूल दुसरीच्या कडेवर जायचं, तिथून आत्याकडे, आत्याकडून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. आठ वर्षांची थोरली बहीण तर धाकट्याला काखोटीला मारूनच लगोरी खेळायची. एकाच बाईने पहाटेपासून रात्रीपर्यंत संयम धरायचा अशी वेळच येत नसे; तो पाच-सहा जणींत वाटलेला असे. शिवाय धपाटा होता. त्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं आणि त्यासाठी रात्री कुणी रडतही नव्हतं. (रडत असतीलही, चुलीच्या धुराच्या नावाखाली.)

ज्यांच्यापाशी एवढी माणसं नव्हती त्यांचं काय व्हायचं, तेही सांगायला हवं. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जाणाऱ्या कितीतरी बाया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत आणि पाळीवर जात. हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीवर व्हिटली आयोगाने 1931 साली अहवाल दिला, त्यातही लहान मुलांना अफू देण्याच्या या चालीची दखल आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाला की निघावं लागे आणि मूल ठेवायला जागा नव्हती, एवढंच. तेव्हा ‘पूर्वीच्या बायका’ म्हणताना आपण कुठल्या घरातल्या म्हणतोय, ते पाहावं.

आता मोज्यांकडे येऊ. इच्छेला लगाम घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पुरता पक्का व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. अडीच वर्षांच्या मुलाला काय हवं ते चांगलं कळतं. ते आत्ता मिळणार नाही, किंवा दोन उलट गोष्टी एकदम मिळत नाहीत, हे पचवणं मात्र त्याला जमत नाही. त्यात सांगायला शब्द तोकडे. मग सगळं अंग बोलू लागतं.

मिनेसोटा विद्यापीठातल्या फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या रागावर 1931 साली पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी आयांनाच मुलाच्या प्रत्येक थयथयाटाची नोंद ठेवायला लावली होती. राग सर्वांत जास्त उसळतो तो दुसऱ्या वर्षात, आणि भूक, थकवा, बारीकसारीक आजारपण असेल तर अधिकच, असं त्या नोंदींतून दिसलं. हे तुमच्या सासूबाईंनाही ठाऊक असणार, फक्त त्यांनी ते लिहून काढलं नाही. पुढे 2003 मध्ये मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी अशा आकांताची आतली चाल तपासली. तुमच्या कामाचं आहे ते हे : राग सुरुवातीला झपकन चढतो आणि उतरू लागतो, रडवेलेपणा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली वाहत असतो. बहुतेक प्रकरणं पाच मिनिटांच्या आत मिटतात.

म्हणजे पहिल्या मिनिटाला ‘अरे, बघ, बाहेर थंडी आहे ना, मोजे घातले की पाय कसे ऊबदार राहतात’ हे जे आपण चालवतो, ते त्याच्या कानावर पडतं, आत जात नाही. तेव्हा गप्प बसावं. शेजारी, जमिनीवर, त्याचं डोकं फरशीवर आपटणार नाही एवढ्या अंतरावर. थोड्या वेळाने किंकाळी मोडते आणि नुसतं रडू उरतं, ओठ बाहेर येतो, तो कुणाकडे तरी पाहतो. हात तेव्हा पुढे करायचा. ही पाच मिनिटं सकाळी सव्वाआठला, कंपनीची बस दारात असताना, फार लांब असतात हे मला मान्य आहे. म्हणून मोजे रात्रीच त्याच्याकडून निवडून उशाशी ठेवावेत. आणि एखाद्या दिवशी बिनमोज्याचा गेला तर जाऊ द्या.

श्रद्धेचा प्रश्न मला जास्त आवडला. आपल्याकडे मातृत्वाचा आदर्श म्हणून यशोदेचं नाव घेतात, पण तिची गोष्ट नीट वाचणारे थोडे. भागवताच्या दहाव्या स्कंधात नववा अध्याय आहे. यशोदा दही घुसळतेय, कृष्ण येऊन रवीच धरतो, तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन पाजायला बसते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जाऊ लागतं. ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. झालं! पोराचे ओठ थरथरायला लागतात, डोळ्यांत पाणी येतं, ते दगड उचलून दह्याचं मडकं फोडतं आणि आत जाऊन लोणी खातं, माकडांनाही चारतं. आई काठी घेऊन येते. तो पळतो, ती मागे, तिच्या केसांतली फुलं गळून पडताहेत. सापडल्यावर त्याचे भेदरलेले डोळे पाहून ती काठी टाकून देते आणि त्याला उखळाला बांधायला जाते. दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडली तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या तरी दोन बोटं कमीच. शेवटी घामाघूम झालेल्या आईकडे पाहून त्यालाच दया येते आणि तो बांधून घेतो.

भूक, अर्धवट सुटलेलं दूध, कामात अडकलेली आई, फुटलेलं मडकं : गुडइनफबाईंच्या आयांनी लिहिलं असतं ते सगळं यात आहे. आणि साक्षात देवाची आई काठी उचलते, दमते, तिच्या उपायांना यश येत नाही. ज्या परंपरेत तुम्हाला श्रद्धा ठेवायला सांगतात, त्या परंपरेने आईला कधी शांतमूर्ती करून बसवलेलं नाही. टीकाकारांनी त्या दोन बोटांचा अर्थ लावलाय, एक बोट माणसाच्या प्रयत्नाचं आणि दुसरं कृपेचं. मी फार धार्मिक बाई नाही, पण मूल वाढवण्याबद्दल याहून अचूक काही मी वाचलेलं नाही. दोऱ्या जोडत राहायचं, आणि बांधलं जाणं त्याच्या मर्जीने होणार हे धरून चालायचं.

तेव्हा माझं मत सांगते. श्रद्धा संयम हातात आणून देत नाही. ती ओझं थोडं उतरवते आणि हलक्या डोक्याने संयम जमतो. उलट, ‘एवढं नाव घेते तरी चिडते, म्हणजे माझी भक्तीच खोटी’ असं वाटू लागलं तर श्रद्धेनेच एक ओझं वाढवलं. तसं होत असेल तर जपमाळ काही दिवस खुंटीवर राहू द्या, देव रागावत नाही.

जुन्या घरांतल्या श्रद्धेला हातापायांची कामं होती, हेही पाहण्यासारखं आहे. तिन्हीसांजेला मूल किरकिरं होतं. भूक आणि थकवा यांची ती वेळच असते. नेमक्या त्या वेळी हातपाय धुणं, देवापाशी दिवा, शुभंकरोती. तरीही थांबलं नाही तर दृष्ट काढायची. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. मूठ मुलाभोवती सावकाश फिरते, तोंडाने पुटपुटणं चालू. मूल रडायचं थांबून त्या मुठीकडे टक लावून पाहतं. ओवाळणारीचा श्वासही एव्हाना लांब झालेला असतो. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही, ओवाळण्यावर आहे. (मिरच्यांचा खकाणा मुलाच्या नाकाशी नेऊ नका, आणि अंग गरम लागत असेल तर आधी डॉक्टर.)

श्रावणात शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लावून आया मुलांना ओवाळतात, मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकतात. त्यामागे खरी भीती होती. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाचीही होत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. मूल जगू दे, एवढंच मागणं होतं, आणि जगलं की बाकीचं त्याचं ते बघेल असा एक ढिलेपणाही होता. आजच्या आईची भीती वेगळी. किती शब्द बोलतो, रंग ओळखतो का, शेजारचा याच वयाचा पूर्ण वाक्यात बोलतो, मग आपला मागे तर नाही? ही भीती जिवतीला ओवाळून जात नाही. तिच्यासाठी मुलावर विश्वास लागतो.

तो कसा असतो ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात दिसतं. 1945 मध्ये बोर्डीला, आणि पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ‘या मुलांना शिकायचंच नाही’ असा शेरा न मारता त्यांनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. आसपासच्या शंखशिंपल्या, बिया, पानं हीच साधनं. मुलाला स्वतःहून करायचं असतं, फक्त त्याच्या हाताला झेपेल असं काही हाताशी हवं, हा त्यामागचा भरवसा.

तुमच्या स्वयंपाकघरातही हे चालतं. आल्या आल्या कुकर लावायची घाई असते, तेव्हा त्याला परातीत मटाराच्या शेंगा द्या आणि शेजारी बसवा. अर्धे दाणे तोंडात जातील, काही ओट्याखाली घरंगळतील, पण पंधरा मिनिटं तो कुणाचा तरी मदतनीस असेल आणि तुम्ही त्याच्या दारोगा नसाल. तेवढ्या वेळासाठी मोबाइल हातात द्यावासा वाटतो, समजू शकते. तरी दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको आणि पुढे चौथ्या वर्षापर्यंत दिवसाला तासाभराच्या आतच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 पासून सांगितलंय.

नामस्मरणाचं म्हणाल तर तो जागा असताना डोळे मिटून बसायचा हट्ट नको. तो माळ ओढणार, तुम्ही चिडणार, आणि देवाचं नाव घेता घेता पोराला ओरडा बसणार. त्याला न्हाऊ घालताना, थोपटताना मोठ्याने म्हणा, हवं तर चालीवर. आपल्या देव्हाऱ्यात एक रांगता बाळकृष्ण असतो, एका हातात लोण्याचा गोळा. पुष्कळ घरांत नवी नवरी तो अन्नपूर्णेबरोबर माहेरून घेऊन येते. रोज आंघोळ घालायचं, पुसायचं, नैवेद्य दाखवायचा ते एका रांगत्या पोरालाच. त्याची आंघोळ तुमच्या मुलाला करू द्या. पाणी सांडेल.

तुमच्या पत्रात मुलाच्या बाबांचा उल्लेख कुठे आला नाही. नसतील तर माफ करा. असतील तर संध्याकाळी सात ते आठ मूल त्यांचं, हे आजच ठरवा. ‘मदत करतात’ अशा भाषेत नको. सासूबाईंना दोष न देता सांगता येईल की तुमच्या वेळी पाच जणी होत्या, आता आपण तिघंच आहोत, तर वाटून घेऊ. आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता यावं, हे 2017 पासून कायद्यात आहे. तुमच्या कंपनीत विचारलंत का? एकटीने विचारायला संकोच वाटत असेल तर चौघी मिळून विचारा.

एक गोष्ट मात्र देवावर टाकू नका. रात्री रडू येणं कधीमधीचं असेल तर ते दमल्याचं आहे. पण झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, मुलाला किंवा स्वतःला काही करून बसू अशी भीती वाटते, हे दिवसेंदिवस चालू असेल तर डॉक्टरांना भेटायचं, जसं ताप उतरला नाही तर भेटतो तसं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416. तिथे चोवीस तास फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं.