चष्म्यावर धुके का येते?

तुमच्यापैकी किती जण चष्मा लावतात? जे लावत नाहीत त्यांनीही हा पाठ वाचावा. यात सांगितलेली गोष्ट मोटारीच्या काचेला आणि हेल्मेटलाही लागू पडते.

‘चष्मा’ हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा. त्यावरून ‘चश्मा’ झाला आणि मराठीत तो ‘चष्मा’ म्हणून रुळला. ‘धुंद’ या शब्दाने मात्र फसू नका! उर्दूत ‘धुंद’ म्हणजे धुके. मराठीत ‘धुंद’ म्हणजे नशेत किंवा आनंदात बुडालेला. म्हणून चष्म्यावर ‘धुंद आली’ असे मराठीत म्हणत नाहीत. ‘धुके आले’ किंवा ‘वाफ धरली’ असे म्हणतात.

काश्मीर, सिमला अशा थंड प्रदेशांत हा त्रास रोजचाच. बाहेरच्या थंडीतून माणूस उबदार घरात शिरला, की त्याचा चष्मा पांढरा होतो. रत्नागिरीत अशी कडाक्याची थंडी पडत नाही. तरीही येथील चष्मेवाल्यांची या धुक्यातून सुटका नाही. पावसाळ्यात वातानुकूलित डब्यातून रत्नागिरी स्थानकावर उतरून पाहा. फलाटावर पाय ठेवताच समोरचे काही दिसेनासे होते. एका हातात सामान, दुसऱ्या हातात लहान भावाचा हात आणि पुढे जिना! कोकणातील पुष्कळ कुटुंबांतील माणसे नोकरीनिमित्त दुबई, बहरीन येथे आहेत. ऑगस्ट महिन्यात थंडगार दुकानातून रस्त्यावर आले की काय होते, ते त्यांना विचारा. बाहेर अंगाची लाही होत असते आणि चष्म्यावर मात्र धुके! तेव्हा हे धुके हवामान थंड असल्यामुळेच येते, असे समजणे बरोबर नाही. काच थंड असली आणि तिला लागणारी हवा दमट असली, की ते येते.

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते, पण ती दिसत नाही. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. 30 अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते. 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅम, तर 10 अंशांना केवळ 9 ग्रॅम. म्हणजे 100 घनमीटरच्या एका वर्गखोलीत, 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत, जवळजवळ तीन लीटर पाणी अदृश्य रूपाने तरंगत असते! अशी हवा थंड काचेला लागली, की तीही थंड होते. मग तिच्यात न मावणारी वाफ पाणी होऊन काचेवर बसते. ज्या तापमानाला हे घडू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. पहाटे आंब्याच्या पानांवर दव पडते, तेही असेच. हवा 28 अंशांची आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. वातानुकूलित डब्यात 22 अंशांपर्यंत गार झालेला चष्मा अशा हवेत कसा कोरडा राहणार?

येथे एक प्रश्न उरतो. पाणी तर पारदर्शक असते. मग काच पांढरी का दिसते? कारण ते पाणी काचेवर सारखे पसरत नाही. त्याचे हजारो बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब प्रकाश वेगवेगळ्या दिशांना फेकतो. पाण्याचा एकच पातळ पापुद्रा झाला, तर काचेतून बरेच स्वच्छ दिसेल. हे काम साबण करतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब पसरतात. घरातील जुन्या आरशाच्या अर्ध्या भागावर साबणाचे बोट फिरवा, कोरड्या कापडाने हलकेच पुसा आणि मग पूर्ण आरशावर तोंडाची वाफ सोडा. फरक लगेच दिसेल.

चष्म्यालाही हाच उपाय करावा. काचा पाण्याने भिजवून त्यांवर साबणाचा एखादा थेंब बोटाने चोळावा, जास्तीचे पाणी झटकून टाकावे आणि काचा वाऱ्यावर वाळू द्याव्यात. मग मऊ सुती कापडाने अलगद पुसावे. पुन्हा धुके येऊ लागले, की पुन्हा हेच करावे. 2011 मध्ये इंग्लंडमधील शल्यचिकित्सकांच्या एका नियतकालिकात, तोंडाला मास्क बांधणाऱ्या डॉक्टरांसाठी हीच युक्ती छापली होती. टूथपेस्ट किंवा भांडी घासायची पावडर मात्र काचेला लावू नये. ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे आपल्या मुखवट्याच्या काचेला आतून चक्क थुंकी चोळतात व खळबळून टाकतात. किळस येते खरी, पण उपाय चालतो!

मफलर किंवा मास्क नाकावर सैल असेल, तर श्वास वरच्या बाजूने थेट काचेवर जातो. तो नाकाशी घट्ट बसवावा. गाडीतून उतरण्यापूर्वी पाच मिनिटे चष्मा खिशात ठेवून अंगाच्या उबेने गरम करावा, म्हणजे धुके धरणारच नाही. ही युक्ती सर्वांत सोपी, पण ऐन वेळी आठवत नाही.

अंतराळातही हे धुके माणसाला सोडत नाही. 5 जून 1966 रोजी अमेरिकेचे युजीन सर्नन ‘जेमिनी 9-अ’ यानाबाहेर दोन तासांहून अधिक वेळ होते. श्रमाने घाम आला आणि शिरस्त्राणाची काच आतून धुकटली. हात आत नेता येईना. त्यांनी नाकाच्या शेंड्याने काच घासून एक लहानसे छिद्र मोकळे केले. काम अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुढे शिरस्त्राणाच्या काचेला धुके रोखणारा द्राव लावू लागले. पण 2001 मध्ये तोच द्राव क्रिस हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराच्या डोळ्यांत गेला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. म्हणूनच साबण नीट पुसून काढावा!

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट लागतो. पावसाळ्यात तेथे दाट धुके असते. गाडीतील माणसांच्या श्वासाने समोरची काच आतूनही धुरकटते आणि चालकाला वाटते, की सारे धुके बाहेरच आहे. काचेवर आतून बोट फिरवले, की खरे काय ते कळते. बोटाची रेघ उमटली, तर खिडकी थोडी उघडावी किंवा वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा काचेवर सोडावी. रेघ उमटली नाही, तर वायपर चालवून पाहावा. कधीकधी यंत्राने काच फार गार होते आणि बाहेरची वाफ तिच्यावर धरते. तेव्हा गारवा कमी करावा. आणि काच साफ होईपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला, वळण सोडून, दिवे लावून उभी करावी.

शब्दार्थ : दमट – ओलसर. आर्द्रता – हवेतील ओलावा. पापुद्रा – पातळ थर. शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी, हेल्मेट.

स्वाध्याय
1. दुबईच्या उन्हाळ्यातही चष्म्यावर धुके का येते?
2. साबण लावलेल्या काचेतून स्वच्छ का दिसते?
3. मराठीत आणि उर्दूत वेगळा अर्थ असलेले आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.