मनाने चाला, मग पायाने

कबड्डीचा डाव रंगलेला असतो. चढाईला गेलेला गडी झटकन वळतो. पाय मातीत रुतून राहतो, वरचं अंग फिरतं, आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज होतो. गुडघा सुजतो. पाय टेकवत नाही. असे गडी आपण पाहिले आहेत.

गुडघ्यात काय बिघडतं? हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट बंध तिथे असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. आतला बंध तुटला, की गुडघा लचकतो. मग शस्त्रक्रिया करून त्या जागी नवा बंध बसवतात. तो बहुधा रोग्याच्याच पायातून घेतात.

शस्त्रक्रिया झाली, की घरच्यांना वाटतं, सुटलो! पण खरं काम पुढेच असतं. सुजेमुळे मेंदूचा हुकूम मांडीच्या स्नायूंना नीट पोचत नाही. मांडी बघता बघता बारीक होते. पाटाला पाणी सोडलं नाही, तर पाटात गवत माजतं ना? तसंच हे. शिवाय मनात भीती बसते. 'पाय टेकला आणि पुन्हा तुटला तर? पेरणी कोण करील?' भीतीने माणूस पाय आखडून धरतो.

इथे आपलं मन कामाला येतं. आपण डोळे मिटून चालण्याचं चित्र मनात आणतो. तेव्हा मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात, जे खरोखर चालताना लागतात. म्हणजे पाटात थोडं पाणी खेळतं राहतं.

हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत काही माणसांनी चार आठवडे करंगळीचा व्यायाम फक्त मनाने केला. त्यांच्या करंगळीची ताकद सुमारे २२ टक्के वाढली. खरा व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्के वाढली. हा अभ्यास १९९२ साली छापून आला. पुढे २००१ साली गुडघ्याचा बंध बसवलेल्या ३० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना अंग सैल सोडून मनात चित्र पाहायला शिकवलं होतं. २४ आठवड्यांनी त्यांचा गुडघा इतरांपेक्षा बळकट होता. दुखणं कमी होतं, भीतीही कमी होती. ३० माणसं म्हणजे थोडीच. म्हणून याला आपण जादू म्हणू नये. पण यात खर्च नाही. करून पाहायला काय हरकत आहे?

हे कसं करायचं?

१. शांत जागी भिंतीला टेकून बसा. डोळे मिटा. सावकाश श्वास घ्या आणि सोडा.

२. डॉक्टरांनी शिकवलेला एक व्यायाम मनात करा. मांडी आवळली, टाच उचलली, हळूच खाली ठेवली. जितका वेळ खऱ्या व्यायामाला लागतो, तितकाच वेळ मनात लावा.

३. तमाशा पाहावा तसं लांबून पाहू नका. पाय आपला आहे, मांडी ताणते आहे, असं आतून जाणवू द्या.

४. मग मनानेच अंगणात चाला. पुढे बांधावरून चाला.

५. पडल्याचं चित्र आलं, तर थांबा. श्वास घ्या. सोप्या चित्रापासून पुन्हा सुरू करा.

रोज दहा मिनिटं पुरे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मनातला व्यायाम ही जोड आहे, बदली नव्हे. खरा व्यायाम चुकवू नका. दुखायचं थांबलं, म्हणून लगेच मैदानात उतरू नका. नवा बंध मुरायला कित्येक महिने लागतात. डॉक्टर 'हो' म्हणतील तेव्हाच खेळा. ताप आला, पोटरी सुजली किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मनाने वाट चालून ठेवली, की पाय त्या वाटेला बिचकत नाही.

सांगा पाहू:
१. शस्त्रक्रियेनंतर मांडी बारीक का होते?
२. मनात पडल्याचं चित्र आलं, तर काय करावं?
३. दवाखान्यात लगेच केव्हा जावं?