फियाट अकराशेचे इंजिन : एक कारणशोध

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. यंत्र हेही इतिहासाचे साधन आहे, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. कोणत्या काळात माणसाने कोणता प्रश्न कसा सोडविला, याची साक्ष यंत्राच्या प्रत्येक भागात असते. प्रस्तुत लेखात अशाच एका यंत्राचा परिचय करून घ्यावयाचा आहे. ते म्हणजे फियाट ११०० या इटालियन मोटारीचे पेट्रोल इंजिन.

फियाट कंपनीची स्थापना १८९९ साली इटलीतील तुरीन शहरात झाली. दांते जाकोसा हे तिचे नामवंत अभियंते होते. १९३७ साली आलेल्या त्यांच्या ५०८ सी या मोटारीत १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. १९५३ सालच्या नव्या ११०० मध्येही त्याच घनफळाचे इंजिन कायम राहिले. हीच मोटार पुढे मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि ‘पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. गाडी गेली की तिची निगा राखण्याचे ज्ञानही हळूहळू लोपते. म्हणून हा लेखनप्रपंच.

रचना

या इंजिनात एका ओळीत चार सिलिंडर आहेत. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांनी १०८९ हा आकडा स्वतः पडताळून पाहावा. खालचा ब्लॉक बिडाचा, तर वरचे हेड ॲल्युमिनिअमचे आहे. पेट्रोल व हवा आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे, ही चार कामे प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रमाने होतात. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चारही सिलिंडर मिळून सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. यावरून वेळेच्या अचूकतेचे महत्त्व कळेल.

ठिणगी

डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडले की कॉइलच्या पहिल्या वेढ्यातील प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या वेढ्यात उच्च दाबाची वीज निर्माण होते. हीच वीज प्लगमध्ये ठिणगी पाडते. पॉइंटचे टोक झिजले की त्यांतील अंतर बदलते, आणि अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून पॉइंट बदलल्यावर किंवा घासून साफ केल्यावर फीलर गेजने अंतर लावावे आणि त्यानंतरच टायमिंग तपासावे. हा क्रम उलटा करू नये. काढलेला प्लग फेकण्यापूर्वी नीट पाहावा. फिकट तपकिरी रंग प्रकृती ठीक असल्याचे सांगतो. कोरडी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे, तर ओला तेलकट थर ऑइल वर चढत असल्याचे लक्षण आहे.

टॅपेट

व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये अगदी थोडी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू लांबतो. फट वाढली की टकटक आवाज येतो आणि मालक अस्वस्थ होतो. ती कमी झाली तर आवाज येत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू कडेने निसटत राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. शांत इंजिन निरोगी असतेच असे नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. किती फट ठेवावी हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

उष्णता

समान तापमानवाढीला ॲल्युमिनिअम बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन फार तापले तर हेड वाकते व गॅस्केट फुटते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये आणि रेडिएटरचे झाकण उघडू नये. हेडचे नट थंड इंजिनावर, मधून कडेकडे अशा क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत. ऑइल दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी तत्काळ थांबवावी.

येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. माझे चुलते मुंबईत भाड्याची फियाट टॅक्सी चालवीत. एका मे महिन्यात गाडी दुपारच्या गर्दीत वारंवार बंद पडू लागली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होऊ लागली. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, नंतर कार्ब्युरेटरही बदलला. दोन दिवसांची कमाई बुडाली, उसने पैसे घ्यावे लागले. तरीही गाडी बंद पडतच राहिली. शेवटी टॅक्सीतळावरील एका वयस्क चालकाने विचारले, “थंड असताना कधी बंद पडते का?” “नाही,” चुलते म्हणाले. त्याने इंजिनाच्या कुशीतील पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळले, आणि गाडी सुरू झाली. इंजिनाच्या उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ होत होती. पंप द्रव ढकलतो, वाफ ढकलू शकत नाही. त्या चालकाजवळ कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. त्याच्याजवळ योग्य प्रश्न होता.

निगा

ऑइलची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून, थोड्या वेळाने पाहावी. ठरलेल्या अंतराला ऑइल बदलावे. दोन धातूंच्या या इंजिनात नुसत्या पाण्याने गंज व झीज होते; म्हणून गंजरोधक कूलंट वापरावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा नरम पडतो. ते वेळोवेळी तपासून इथेनॉलला टिकणारे बसवावेत, कारण गळके पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि तारखेसह वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केले, तर दोष कशाने गेला हे कळत नाही आणि ज्ञानात काहीच भर पडत नाही.

समारोप

बंद पडलेल्या इंजिनापुढे तीनच प्रश्न विचारावयाचे असतात : ठिणगी आहे काय? पेट्रोल पोहोचते काय? दाब मिळतो काय? तिन्ही असतील, तर ते वेळेवर येतात काय, हे पाहावे. यंत्र रुसत नाही, त्याला कोणाची नजरही लागत नाही. दोषाला कारण असते आणि ते शोधता येते. आपल्या मुलांच्या हाती फीलर गेज देताना ही खात्रीही त्यांना द्यावी.

स्वाध्याय
१. टॅपेटची फट वाढणे व कमी होणे यांपैकी अधिक हानिकारक काय? कारण सांगा.
२. गाडी थंड असताना नीट चालते, तापल्यावर बंद पडते. प्रथम काय तपासाल व का?
३. आपल्या परिसरातील एका जुन्या मेकॅनिकची भेट घेऊन त्यांची दोष शोधण्याची पद्धत लिहून काढा.