उपेक्षित बालकांच्या हाती कॅमेरा

उपेक्षित वस्त्यांतील बालकांची छायाचित्रे गणवेशवाटप, आरोग्य तपासणी, उद्घाटन अशा प्रसंगी काढली जातात. कोठे उभे राहावे, कोणाकडे पाहावे, हे मात्र दुसराच कोणी ठरवितो. कॅमेरा बालकाच्याच हाती दिल्यास काय घडते, हे काही प्रयोगांवरून अभ्यासण्यासारखे आहे.

अमेरिकन छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांनी १९७० च्या दशकात केंटकी राज्यातील डोंगराळ, गरीब भागातील मुलांना छायाचित्रण शिकविले. ‘मी’, कुटुंब, जनावरे आणि स्वप्ने हे विषय त्यांनी दिले. पुढे गुजरातमधील विछिया गावीही त्यांनी मुलांसमवेत काम केले. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीत झाना ब्रिस्की यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी असे वर्ग घेतले. त्यावरील माहितीपटास २००५ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला, तसेच मुलांच्या छायाचित्रांच्या विक्रीतून त्यांच्या शिक्षणासाठी निधी उभा राहिला. तथापि, वस्तीतील स्त्रियांच्या संघटनेच्या कार्याची दखल चित्रपटाने घेतली नाही, अशी टीकाही झाली. स्थानिकांना डावलून असा उपक्रम करू नये, हाच त्यातील धडा होय.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. समवेत गेलेल्या मुलांच्या त्या काळाची नोंद हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढ्याच शब्दाने होते. पहाटेचा फड, पाचटाची कोपी, धाकट्या भावंडाची राखण हे सारे त्यांनी पाहिलेले असते; पण ते लिहून सांगण्याइतका लेखनाचा सराव नसतो. अशा मुलांना छायाचित्र हे पहिले निवेदन ठरू शकते.

त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. प्रथम पुठ्ठ्याला चौकट कापून तीतून पाहण्यास शिकवावे. सकाळच्या व दुपारच्या उन्हातील फरक दाखवावा. नंतर शाळेतील एखादा मोबाइल आळीपाळीने द्यावा. प्रत्येकाने मोजकीच छायाचित्रे काढावीत, त्यांतील एक स्वतः निवडावे आणि त्याखालील ओळ आपल्या बोलीत सांगावी. शिक्षकांनी ती जशीच्या तशी लिहून घ्यावी, सुधारू नये.

ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्याची संमती घेण्याची सवय आरंभापासून लावावी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये मनाई आहे, हेही ध्यानी ठेवावे.

ही छायाचित्रे प्रथम ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लावावीत. गळका हातपंप किंवा दाराविना असलेले शौचालय त्यांत दिसले, तर पंचायत सदस्यांनी त्याचा राग मानू नये. बालकाने केलेले ते निवेदन समजून ग्रामसभेपुढे ठेवावे.