सरदारी मेजवानीला जाण्याआधी

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आता जर्मनीत आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेतच. त्यात 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आमच्या मुलुंडमध्येही पोरं जर्मनच्या क्लासला जाऊ लागली. मुलं तिकडे रुळली की मे महिन्यात आईवडील जातात आणि मुलं त्यांना हौसेने 'रिटरमाल'ला नेतात. मध्ययुगीन थाटाची ही सरदारी मेजवानी. दगडी तळघर, मेणबत्त्या, लांब लाकडी बाकं, गळ्यात बांधायला फडकं, शिंगातून प्यायची मधाची दारू. काटा-चमचा नाही, एक सुरी आणि आपली बोटं. हे ऐकून आमच्या सासूबाई खूश. हाताने जेवायला त्यांना कोण शिकवणार?

जावईबापूंनी टेबल राखून ठेवताना फोनवर 'एक व्यक्ती शाकाहारी' असं सांगितलं होतं आणि पलीकडून होकारही आला होता. आम्ही बसताच राय धान्याचा काळसर पाव आला, सोबत मातीच्या भांड्यात पांढरंशुभ्र काहीतरी. सासूबाईंना वाटलं, लोणी. त्यांनी पावाला चांगलं चोपडलं. ते होतं 'ग्रीबेनश्माल्त्स', म्हणजे डुकराची वितळवून थिजवलेली चरबी. लेकीच्या लक्षात येईपर्यंत घास पोटात गेला होता. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचा सगळा वेळ पाणी पीत बसल्या, आणि त्या पाण्याचंही बिल लागलं.

विचारलं तेव्हा वाढणाऱ्याने शांतपणे सांगितलं की शाकाहारी पाहुण्यांसाठी मुख्य पदार्थ वेगळा आहे. पाव सगळ्यांसाठी असतो. त्याच्या हिशेबाने तो बरोबरच होता. आंबवलेल्या कोबीत डुकराच्या मांसाचे तुकडे दिसले, तर ते बाजूला काढून खा म्हणाला.

घाटकोपरच्या खाऊगल्लीत 'जैन' एवढा एक शब्द उच्चारला की पावभाजीवाला पुढचं सगळं समजून घेतो. पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची आपल्याला सवय. तिकडे असा सक्तीचा ठिपका नाही. युरोपीय कायद्याने डिसेंबर 2014 पासून हॉटेलांना 14 ॲलर्जीकारक घटक सांगावे लागतात: दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी वगैरे. ती यादी पाहून आपण निर्धास्त होतो, पण चरबी आणि मांस त्या यादीत नाहीतच! म्हणून 'शाकाहारी आहे का' या प्रश्नावर थांबू नका. श्माल्त्स आहे का, श्पेक (खारवलेलं डुकराचं मांस) आहे का, सूप किंवा रस्सा मांसाच्या पाण्यात शिजवलाय का, असं एकेक नाव घेऊन विचारा. तेही फोनवर नको. ईमेलने पूर्ण मेन्यू मागवा आणि उत्तर लेखी घ्या. रिटरमालचा मेन्यू आधीच ठरलेला असतो, दर माणशी असतो. ऐनवेळी बदल मागाल तर उकडलेले बटाटे मिळतील.

आणि बटाटे मध्ययुगातले नव्हेतच, बरं का. ते अमेरिकेतून आले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने शेतकऱ्यांना ते लावायचा हुकूम काढला तो 1756 मध्ये. मध्ययुगातली सामान्य माणसं भरडधान्याची पेज, वाटाणे, कोबी आणि राय धान्याचा पाव खात. उपासांचे दिवस तर इतके, की सासूबाईंनी कौतुक केलं असतं. ईस्टरआधीच्या उपासात मांसच नव्हे, दूध, लोणी, अंडीही वर्ज्य. सॅक्सनीच्या लोकांना लोणी खायची मुभा पोपकडून मिळाली 1491 मध्ये. 1350 च्या सुमारास व्युर्त्सबुर्गला लिहिल्या गेलेल्या जर्मन पाककृतींत बदामाचं दूध आहे ते उगीच नाही. मांसाचे ढीग म्हणजे मध्ययुग, हे पर्यटकांसाठी रचलेलं सोंग आहे. श्टुटगार्टकडच्या माउलटाशेनपासूनही सावध राहा. वरून करंजीसारखं निरागस दिसतं, आत बहुधा खिमा. उपासाच्या दिवशी देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं, अशी त्याची कथा तिथले लोकच हसत सांगतात.

बाकी बारीकसारीक. रोख युरो जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. बऱ्याच हॉटेलांची आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, ती पाहून जा. टीप पाच ते दहा टक्के, पैसे देतानाच सांगायची. गुडघे दुखत असतील तर तळघराला किती पायऱ्या आहेत हे आधी विचारा. मध्येच सोंगाडे गाणी म्हणत पाहुण्यांना ओढून खोड्यात अडकवतात. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांना बाकाच्या आतल्या टोकाला बसवा.

सगळं खाणाऱ्या तरुणांसाठी ही संध्याकाळ झकास आहे, पैसे वसूल होतात. पण घरात कोणी चतुर्थी-एकादशी पाळणारं असेल आणि हॉटेलचं लेखी उत्तर आलेलं नसेल, तर त्यांना त्या दिवशी लेकीच्या घरी पिठलं-भात करून द्या आणि बाकीचे खुशाल जा.