के. आर. नारायणन : अभ्यासू मुत्सद्दी

मुत्सद्देगिरी म्हणजे मेजवान्या आणि हस्तांदोलने, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः परराष्ट्र सेवेचा पाया अभ्यास आणि लेखन हाच आहे. राजदूत परक्या देशाचा इतिहास, अर्थकारण व लोकमानस समजून घेतो आणि ते आपल्या सरकारला लिहून कळवतो. त्यावर राष्ट्राची धोरणे आकार घेतात.

भारताचे माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांचे जीवन याचा उत्तम दाखला होय. त्रावणकोर संस्थानातील उळवूर गावी, अस्पृश्य मानलेल्या परवन समाजात त्यांचा जन्म झाला. फी थकल्यामुळे त्यांना अनेकदा वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. तरीही इंग्रजी साहित्यात ते विद्यापीठात प्रथम आले. पुढे 'द हिंदू' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' या वृत्तपत्रांत पत्रकारिता करून १९४५ मध्ये टाटा शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून बाबासाहेबांनी डी.एस्सी. संपादन केली, तेथेच नारायणन प्रा. हॅरॉल्ड लास्की यांचे विद्यार्थी झाले.

१९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले. रंगून, टोकियो, लंडन, कॅनबेरा व हनोई येथे त्यांनी काम केले. थायलंड आणि तुर्कस्तानात ते राजदूत होते. १९६२ च्या युद्धाने भारत-चीन संबंध गोठले होते. १९७६ मध्ये भारताने दीर्घ खंडानंतर पुन्हा पेकिंगला राजदूत पाठवला. ती नाजूक जबाबदारी नारायणन यांच्यावर आली. १९८० ते १९८४ या काळात ते अमेरिकेत राजदूत होते. 'इंडिया अँड अमेरिका' हा त्यांचा निबंधसंग्रह दोन्ही देशांनी परस्परांना समजून घ्यावे या ध्यासातून उतरला आहे. अलिप्ततावादावरील ग्रंथाच्या संपादनातही त्यांचा सहभाग होता. जे पाहिले, त्याची चिकित्सा करून ते लिहीत. त्यामुळे त्यांचा अनुभव वैयक्तिक न राहता समाजाचे ज्ञान झाला.

हीच चिकित्सक दृष्टी त्यांनी राष्ट्रपतिपदावरही सोडली नाही. जानेवारी २००० मध्ये प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, संविधानाने आपल्याला निराश केले की आपणच संविधानाला, याचा विचार करा, असे त्यांनी राष्ट्राला बजावले. संविधानाच्या फेरआढाव्याची चर्चा जोरात असताना काढलेले हे उद्गार होते.

वर्गाबाहेर उभा राहिलेला विद्यार्थी जगाच्या राजधान्यांत भारताचा आवाज झाला. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी यातून एवढे घ्यावे : शिक्षणाने पद मिळते, परंतु वाचन, चिंतन आणि निर्भीड लेखन यांनीच त्या पदाला अर्थ येतो.